अनुक्रमांक एक

आमच्या गल्लीत अर्ज लिहून द्यायचं काम माझ्याकडे कसं आलं, ते आता नीट आठवत नाही. बहुतेक रेशनकार्डापासून सुरुवात झाली असावी. बाबा फौजेतून निवृत्त झाले तेव्हा कॅन्टोन्मेंटमधलं क्वार्टर सोडावं लागलं. गावी परत जाण्याऐवजी त्यांनी पालमच्या पलीकडच्या एका अनधिकृत कॉलनीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. ते माझ्यासाठी. मी बारावी झाले होते आणि साउथ दिल्लीतल्या एका मुलींच्या कॉलेजात मला प्रवेश मिळाला होता. आईकडे किंवा बाबांकडे, कुठल्याच घरातलं कुणी त्याआधी कॉलेजात गेलेलं नव्हतं.

कॉलनीच्या मागे द्वारकेच्या सोसायट्या उठत होत्या. तेव्हा नुसते सांगाडे होते, खिडक्यांच्या जागी भोकं. गल्लीत बिहारची, यूपीची, राजस्थानची माणसं, आणि आम्ही दोन मराठी घरं. कुणाला विजेच्या मीटरसाठी अर्ज हवा असायचा, कुणाला मुलाच्या दाखल्यासाठी. मी फुलस्केप घेऊन बसायचे. वर 'सेवा में', खाली 'विषय', मग 'सविनय निवेदन है कि'. शाळेत हिंदीच्या पेपरात पत्रलेखनाला दहा गुण असायचे आणि त्यातले नऊ मला ठरलेले. मला माझ्या त्या कागदांचा अभिमान होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या अभिमानातूनच झालं.

दुसरं मराठी घर काकीचं. सख्खी नव्हे. काका आणि बाबा एकाच तालुक्यातले, साताऱ्याकडचे. काका तोफखान्यात होते आणि तोफांच्या आवाजाने त्यांचे दोन्ही कान गेले होते. निवृत्तीनंतर बाकीच्यांना कुठे ना कुठे वॉचमनचं काम मिळायचं, पण ऐकू न येणारा वॉचमन कोण ठेवणार? ते दिवसभर दारात खाट टाकून बसायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हात करायचे. घर काकीवर होतं.

बाबांना एका सिक्युरिटी एजन्सीमार्फत गुडगावच्या एका एक्सपोर्ट फॅक्टरीच्या गेटवर काम लागलं होतं. तिथे परदेशी जाणारे शर्ट शिवले जायचे. बाबांनीच मग आधी आईला आणि महिन्याभराने काकीला आत लावलं. दोघींचं काम धागे कापायचं. शिवून आलेल्या शर्टाचे लोंबणारे धागे छोट्या कात्रीने कापायचे, शर्ट झटकायचा, पुढे सरकवायचा. सकाळी मोठ्या रस्त्यावर फॅक्टरीची बस यायची आणि दोघी डबे घेऊन त्यात चढायच्या. काकी चढता चढता मला ओरडून सांगायची, "काय वकिलीणबाई, आमचं शर्टाचं कॉलेज चाललं बरं का!"

त्या फॅक्टरीत बायकांच्या हॉलला एक पास होता. पास म्हणजे एक लाकडाची पट्टी, तिला वरून भोक पाडून सुतळी बांधलेली. ती सुपरवायझरच्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगलेली असायची. संडासला जायचं तर त्याच्यासमोर उभं राहून पास मागायचा, जाऊन यायचं, पास परत टांगायचा, मगच दुसरीने उठायचं. हॉलमध्ये साठेक बायका. पलीकडच्या हॉलमधले टेलर पुरुष बिडी ओढायला कधीही बाहेर जायचे, त्यांना पासबिस नव्हता. बायकांची नोंद व्हायची. "फिर से? शुगर है क्या?" असं सुपरवायझर मोठ्याने विचारायचा आणि बाकीचे हसायचे. पाळी आलेल्या बाईला तर ते सगळ्यांसमोर सांगितल्याखेरीज दुसऱ्यांदा पास मिळायचा नाही.

यावर बायकांनी जो उपाय काढला होता तो म्हणजे पाणी न पिणं. काकी सकाळी चहासुद्धा अर्धा कप घ्यायची. उन्हाळ्यात तिला लघवीला जळजळ सुरू झाली, मग ताप यायला लागला. गल्लीतल्या डॉक्टरकडे मी तिच्याबरोबर गेले होते. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "भरपूर पाणी पी म्हणतो. अरे, पिते की, पण मग त्या पाण्याला घेऊन बसू कुठं?" आणि एवढ्या तापात हसली.

आमच्या कॉलेजात मुलींचा एक गट होता. त्या पोस्टर रंगवायच्या, कधी मोर्चाला जायच्या, आणि दर आठवड्याला एका वर्गात बसून चर्चा करायच्या. चर्चा बरीचशी इंग्रजीत असायची. मी मागच्या बाकावर बसून ऐकायचे आणि घरी येऊन शब्द डिक्शनरीत बघायचे. एकदा त्यांच्या मॅडमनी विचारलं की तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीत फॅक्टरीत काम करणारी बाई आहे का. मी हात अर्धा वर केला. 'माझी आई' असं म्हणाले नाही. "आमच्या शेजारी एक काकी आहेत," म्हणाले. मग पासचं सांगितलं. मोडक्या इंग्रजीत सुरुवात केली आणि हिंदीवर आले. पहिल्यांदाच त्या मुली माझ्याकडे वळून बघत होत्या. मॅडम म्हणाल्या, की हे कायद्याविरुद्ध आहे, सगळ्या बायकांनी मिळून लेबर ऑफिसला अर्ज द्यायला हवा, तो पोचवायचं त्या बघतील. अर्ज म्हटल्यावर माझी मान आपोआप ताठ झाली. अर्ज तर मला येत होता.

पुढच्या रविवारी आमच्या घरमालकाच्या गच्चीवर सतरा बायका जमल्या. बाबा ड्यूटीवर होते. मी अर्ज आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. तो वाचून दाखवला. एकदोघींनी पदराने डोळे पुसले, आणि मला ते आवडलं हेही कबूल केलं पाहिजे. मग सह्यांची वेळ आली. गोरखपूरकडची एक म्हातारी होती, सगळ्यात जुनी कामगार. तिला सगळ्या चाची म्हणायच्या. ती म्हणाली, "बिटिया, नाम गोल में लिखो."

मला कळलं नाही. तिने जमिनीवर बोटाने ताटाएवढं वर्तुळ काढलं आणि त्याच्या कडेने टिंबं देत गेली. "ऐसे. पिछली फैक्टरी में ऐसे ही किया था. गोल में पहला कौन, आखिरी कौन? साहब ढूँढ़ता रह जाए."

मी हसले. वाईट हसले नव्हते, पण हसले. नावं वाचायला साहेबाला कागद फिरवत बसावं लागेल, असं काहीतरी माझ्या डोळ्यांसमोर आलं. म्हटलं, "चाची, सरकारी दफ़्तर ऐसा काग़ज़ नहीं लेता. नंबर डालने पड़ते हैं."

चाचीने काकीकडे बघितलं. काकी म्हणाली, "कॉलेजवाली है, चाची. उसको सब पता है." हे ती कौतुकाने म्हणाली होती.

मी अर्जाखाली पट्टी ठेवून रेघा मारल्या. अनुक्रमांक, नाव, कार्ड नंबर, सही. मग 'एक' लिहिलं. माझ्या डाव्या हाताला, अगदी गुडघ्याला गुडघा लावून आई बसली होती. सगळ्यात जवळ तीच. पहिलं नाव तिचंच यायला हवं होतं. माझं पेन थांबलं. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण थांबलं हे नक्की. आपल्याच घरचं नाव पुढे करू नये, बरं दिसत नाही, असं मी मनाशी म्हटलं. आणि काकीचं नाव लिहिलं. मग तिच्या पलीकडचीचं, मग पुढचीचं, अशी गच्चीवर गोल फिरत गेले आणि आई अकरावी आली.

सहीसाठी कागद काकीकडे दिला. ती गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली होती. तिने कागद लांब धरून बराच वेळ बघितला. मला वाटलं, अक्षर बघतेय. मग तिने सही केली. चाचीने अंगठा दिला आणि लगेच खाली निघून गेली.

पुढे काय झालं ते मला आईकडून कळलं, तेही एकदम नाही, वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांनी. लेबर ऑफिसने रीतसर नोटीस काढली आणि रीतसर अर्जाची प्रत सोबत जोडून फॅक्टरीला पाठवली. असं करतात हे मला माहीत नव्हतं. मॅडमनाही बहुधा नसावं. मॅनेजरने सतरा नावं वाचलीसुद्धा नसतील. त्याला पुढारी कोण एवढंच हवं होतं, आणि ते मी वळणदार अक्षरात सगळ्यात वर लिहून दिलं होतं.

नोटीस पोचल्यावर दोन दिवसांनी सकाळी गेटवर बाबांच्या हातात एक चिठ्ठी होती. बायका बसमधून उतरून रांगेने आत जात होत्या. काकीचा नंबर आला तसे बाबा म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा बाजूला थांबा."

"का? डब्यात बॉम्ब घावला का काय?" काकी म्हणाली. मागच्या बायका हसल्या.

"ऑर्डर आहे."

"कुणाची?"

"वरून आलीय."

काकीने त्यांच्या हातातली चिठ्ठी बघितली, मग त्यांचं तोंड. "भाऊजी, तुम्हीच लावलं ना मला हितं?"

"म्हणूनच सांगतोय. बाजूला थांबा. तमाशा नको."

आई काकीच्या मागेच होती. ती थांबली. भोंगा व्हायला दोन मिनिटं असतील. भोंग्यानंतर आलेल्या बाईचा अर्धा दिवस जायचा. बाबांनी आईकडे न बघता म्हटलं, "चलो, अंदर चलो. लाइन मत रोको." घरात त्यांनी आईशी कधी हिंदीत शब्द काढला नव्हता. आई आत गेली. तिने मला सांगितलं ते एवढंच, "मी आत गेले."

काकी दुपारपर्यंत गेटबाहेर उभी होती. बाबांनी स्वतःची पाण्याची बाटली तिच्याजवळच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली. तिने हात लावला नाही.

त्या संध्याकाळी काकी आमच्याकडे आली नाही. तिसऱ्या दिवशी आली. बाबा घरात नव्हते. एक कोरा फुलस्केप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "लिही. या टायमाला नंबरबिंबर काही टाकू नको. मी एकटीच आहे."

मी लिहिलं. कामावरून काढल्याची तक्रार. दोनदा कागद बदलावा लागला. मॅडमना भेटले. त्यांना खरंच वाईट वाटलं, त्यांनी एका वकिलाचा पत्ताही दिला. पण कॉलेजच्या परीक्षा आल्या, गट पांगला, आणि तारखेच्या दिवशी काकीबरोबर मी एकटीच होते.

गुडगावच्या लेबर ऑफिसात लांबलचक बाक होते आणि बरीच माणसं. आमचा पुकारा झाला. कंपनीकडून इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस आला होता. त्याने सांगितलं, की बाईंना कुणी काढलेलं नाही, त्या स्वतःच कामावर यायच्या बंद झाल्या. कंपनीकडे गेटचं रजिस्टर आहे आणि गेटवरचा माणूसही आहे. मग त्याने दाराकडे हात केला आणि बाबा आत आले.

ते येणार आहेत हे मला माहीत नव्हतं. सकाळी ते नेहमीसारखे ड्यूटीवर म्हणून गेले होते. त्यांचा गणवेश कडक इस्त्रीचा होता. टेबलासमोर ते टाचा जुळवून उभे राहिले, जसे परेडला उभे राहत तसे.

"ये औरत उस दिन ड्यूटी पर पहुँची थी?" अधिकाऱ्याने विचारलं.

"नहीं पहुँची, साहब."

काकी त्यांच्याकडे बघत होती. रागाने नाही. आपण ओळखतो तो माणूस हाच ना, याची खात्री करून घ्यावी तसं. अधिकारी म्हातारासा, थकलेला माणूस होता. त्याने काकीला विचारलं, "आप कहती हैं आप गेट पर थीं. किसी ने देखा?" काकी म्हणाली, सगळ्यांनी बघितलं. "तो किसी एक को ले आइए," तो म्हणाला आणि पुढची तारीख दिली.

मी बाकाच्या कडेला बसले होते. उठून म्हणू शकले असते, की साहेब, हे माझे वडील आहेत आणि हे खोटं बोलतायत. कॉलेजच्या वर्गात किती वेळा आम्ही आवाज उठवण्याबद्दल बोललो होतो. मी उठले नाही. बाबांनी जाताना माझ्याकडे पाहिलं आणि मीच मान खाली घातली.

परतीची बस एकच होती, त्यामुळे आम्ही तिघंही त्यात. काकीला खिडकीची जागा मिळाली, तिच्याशेजारी मला. पलीकडची जागा रिकामी असूनही बाबा दांडा धरून उभे होते. काकी म्हणाली, "बसा की भाऊजी. उभं राहून माझं काय भलं होणार आहे?" ते बसले नाहीत. पालम जवळ आलं तेव्हा मी हळू आवाजात म्हटलं, "काकी, तुझं नाव पहिलं मी लिहिलं. आई जवळ बसली होती. तिचं लिहायला हवं होतं."

"दिसलं होतं की मला," ती म्हणाली. "तिचं अकरावं होतं, ते पण दिसलं."

"मग सही का केलीस?"

"एवढ्या चांगल्या अक्षरात लिहिलं होतंस. खोडाखोड करायला लावली असती तर सगळा कागद वाया गेला असता."

मला तेव्हा रडू आलं नाही. नंतरही त्या गोष्टीसाठी नीट रडता आलेलं नाही.

त्या रात्री जेवताना मी बाबांना विचारलं, पुढच्या तारखेला तुम्ही खरं सांगाल का. इतकं सरळ मी त्यांना आधी काही विचारलं नव्हतं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "गेटवरचा माणूस बदलायला त्यांना एक फोन पुरतो. मग तुझी आई बाहेर, मी बाहेर, तुझं कॉलेज बाहेर. वहिनींना त्यातलं काय मिळणार?" आजही हिशेबाने बघायला गेलं तर ते चुकीचं बोलले असं म्हणता येत नाही. तेवढ्यात चुलीपुढून, पोळी उलटता उलटता आई म्हणाली, "मी येते तारखेला. मी होते मागं. मी बघितलंय." बाबा पोळीचा तुकडा हातात धरून बसून राहिले.

आईने दुसऱ्या दिवशी ते काकीला जाऊन सांगितलं. पास मागायला नको म्हणून जिने पाणी सोडलं होतं ती आई. माझ्या माहितीत तिने आयुष्यात कुणाला उलट शब्द दिलेला नव्हता. काकी आमच्या दारात आली, आईच्या दंडाला धरून नुसती हलवत राहिली. पुढचे पंधरा दिवस दोघी पहिल्यासारख्या संध्याकाळी दारात बसून भाजी निवडायच्या. काकांना खुणेनं सांगितलं होतं, तर ते आई दिसली की कपाळाला हात लावून सलाम ठोकायचे.

तारखेच्या दिवशी आईने हळदीकुंकवाला नेसायची ती जांभळी साडी नेसली. आम्ही तिघी मोठ्या रस्त्यावर येऊन उभ्या राहिलो. "आज काय, लग्नाला निघालोय का आपण?" काकी म्हणाली. आई हसली. तिचे ओठ सुकलेले होते. गुडगावची आमची बस यायला वेळ होता.

त्याआधी फॅक्टरीची बस आली. ती रोज याच वेळी यायची, हे आम्हाला तिघींनाही माहीत होतं. दार उघडलं. आतल्या बायकांनी आधी जांभळी साडी बघितली, मग काकीला. चाची पुढच्याच बाकावर होती. तिने तोंड फिरवलं. ड्रायव्हरने विचारलं, "आना है कि नहीं?"

आईने उजवा हात पदराखालून काढला. हातात डब्याची पिशवी होती. म्हणजे पहाटे उठून तिने डबा भरला होता. लेबर ऑफिसला जायला डबा लागत नाही. ती पायरीवर चढली. एक पाय वर ठेवून क्षणभर थांबली, पण वळली नाही. दार लागलं आणि बस गेली.

मी काकीकडे बघायला घाबरत होते. ती रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, "जाऊ दे. तिला काही बोलू नकोस घरी." आणि थोड्या वेळाने, "आपली बस कितीची गं?"

ऑफिसात आमचा पुकारा लवकर झाला. अधिकाऱ्याने कागद चाळले आणि विचारलं, "गवाह?"

काकी उठून उभी राहिली. "नहीं है, साहब."

त्याने मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. कंपनीचा माणूस फाइल बंद करून निघूनही गेला. बाहेर आल्यावर काकीने नळाखाली ओंजळ धरली, तोंड धुतलं आणि पदराला पुसलं. मला विचारलं, "किती वाजले?"

"सव्वाअकरा."

"मग येताना त्या सोसायट्यांकडं उतरू. पहिल्या बिल्डिंगीत माणसं राहायला आलीत म्हणे. स्वयंपाकाला बाई लागते का विचारू." ती दोन पावलं चालली आणि थांबली. "तू काही लिहून नको देऊस. मी तोंडानंच विचारीन."